म्हशीच्या दुधाची भुकटी : गुणधर्म, इतिहास आणि उत्पादकाचा वाटा

प्रस्तावना
उच्च प्रथिनयुक्त दूध भुकटी हा आज अन्नतंत्रज्ञानाचा विषय मानला जातो. तिचा इतिहास मात्र मुंबईच्या दूधपुरवठ्याशी निगडित आहे. धसईसह शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्याला तो परका नाही; मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून गवत जात असे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

दुधाचे गुणधर्म
म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश व ४ टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. गाईच्या दुधापेक्षा केसीन व कॅल्शियम अधिक असल्याने ते आटवताना लवकर दाट होते व त्याची उष्णता सोसण्याची क्षमता घटते. त्यामुळे म्हशीच्या दुधाची भुकटी होणे अशक्य, असे मत पाश्चात्त्य तज्ज्ञांत रूढ होते.

ऐतिहासिक विकास
मुंबई दूध योजनेत दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात म्हशीच्या दुधात स्निग्धांशविरहित भुकटी व पाणी मिसळून ‘टोन्ड’ दूध रूढ केले. ही भुकटी परदेशी, गाईच्या दुधाची होती. १९४९ मध्ये शहरातील म्हशींसाठी आरे वसाहत उभी राहिली.

मुंबईला दूध पुरविणाऱ्या खेडा जिल्हा सहकारी संघाची (१९४६) अडचण वेगळी होती. हिवाळ्यात म्हशी अधिक दूध देत, पण मुंबईची मागणी तेवढीच राही. उरलेल्या दुधाचे करायचे काय? आणंद येथे हरिचंद दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. युनिसेफच्या साहाय्याने उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन, त्रिभुवनदास पटेल व खुरोडी यांना संयुक्तपणे मिळाला.

आजची स्थिती
उच्च प्रथिन भुकटीसाठी दूध सूक्ष्म पटलातून गाळतात. दुग्धशर्करा निघून जाते. प्रथिने व त्यांना जखडलेले कॅल्शियम मागे राहते. परिणामी भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही व साठवणुकीत हा दोष वाढतो. जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे.

समारोप
१९५५ चे यश केवळ प्रयोगशाळेचे नव्हते. अतिरिक्त दूध उत्पादकांचे होते आणि कारखानाही त्यांचाच होता. म्हणून संशोधनाचा लाभ गावापर्यंत पोहोचला. गवत विकणाऱ्या गावाचा वाटा गवतापाशीच संपतो. उच्च प्रथिन भुकटीच्या बाजारात शहापूर-मुरबाडच्या दूध उत्पादकाला स्थान हवे असेल, तर तंत्राइतकाच प्रक्रियेच्या मालकीचाही विचार करावा लागेल.