प्रवरेच्या पाटाखालच्या विहिरी

विहीर भरलेली दिसली की आपण निर्धास्त होतो. प्रवरेच्या पाटाखालचा अनुभव मात्र वेगळा आहे.

भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या दोन्ही पाटांना त्याचा भक्कम आधार मिळाला. श्रीरामपूर, राहुरीकडच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पाटाची गळती अन् उसाला दिलेले जादा पाणी जमिनीत मुरत गेले, आणि विहिरींचे पाणी वर चढले. मोटेवर दिवस काढलेल्या माणसाला त्याचा आनंद होणारच!

पण भारी काळ्या जमिनीला निचरा कमी. पाणी मुळांपाशी आले की उन्हाने त्याची वाफ होते, क्षार मात्र तिथेच राहतात. मग रानात पांढरा थर फुटतो, विहीर मचूळ होते, आणि तेच पाणी पुन्हा पिकाला दिले की क्षारात भर पडते.

हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. नीरा खोऱ्यात पाटाखाली हेच घडले होते. तिथल्या खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच, म्हणजे भंडारदरा पुरे होण्याच्या सोळा वर्षे आधी, पुस्तिका लिहिली. ती इंग्रजीत! शेतकऱ्याच्या हाती कशी पडणार?

तुमच्या विहिरीचे पाणी वैशाखात एकदा अन् पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्या. मोटार थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, मग नमुना भरा. अहवालात विद्युत वाहकता २.२५ डेसीसायमनच्या वर निघाली तर ते पाणी भारी रानाला देऊ नका. आधी निचऱ्याचे चर काढा.