शेवटच्या सायकलीची गती

सायकलवर माणूस एकटा बसतो, एकटाच पाय मारतो आणि पडला तर एकटाच पडतो. मग अशा वाहनाचे मंडळ काढावे, दहावीस जणांनी ठरवून एका वेळी निघावे, वाटेत चहाला थांबावे आणि सगळ्यांनी मिळून परत यावे, हे माणसाला सुचले कसे? येडशीसारख्या गावात असे मंडळ चालवायचे तर त्याचा मागचा इतिहास थोडा पाहून ठेवावा, असे आम्हांस वाटते. कारण त्या इतिहासात एक जुना तंटा आहे, आणि तो प्रत्येक मंडळात पहिल्याच फेरीला नव्याने उभा राहतो. सर्वांनी एका गतीने जायचे, की ज्याने त्याने आपल्या बळावर?

आजच्या घडणीची सायकल, म्हणजे दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, 1885 साली इंग्लंडात स्टार्लीने बाजारात आणली. 1888 साली डनलॉपने हवेचा टायर बसवला. त्याआधीची उंच चाकाची सायकल ही सुखवस्तू तरुणांची हौस होती. पुढच्या दहा वर्षांत ती कारकुनाच्या आणि कामगाराच्या हाती आली, आणि लगेच मंडळेही निघाली.

त्यांतले आमच्या जिव्हाळ्याचे मंडळ 1894 साली बर्मिंगहॅम येथे निघाले. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांचे ‘क्लॅरियन’ नावाचे समाजवादी साप्ताहिक होते. त्याच्या पाचसहा वाचकांनी एकत्र येऊन सायकल मंडळ काढले आणि त्याला पत्राचेच नाव दिले. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी खेड्यापाड्यांत जात, पत्रके वाटत, चौकात उभे राहून भाषण करीत, आणि मग झाडाखाली बसून शिदोरी सोडीत. भाषण आधी की शिदोरी आधी, याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. पण कामगारांची मंडळी असल्याने आम्ही अंदाज करू शकतो.

जर्मनीत ही कल्पना आणखी पुढे गेली. तेथे 1896 साली सायकलस्वार कामगारांचा ‘सॉलिडारिटेट’ नावाचा संघ स्थापन झाला. ओफेनबाख हे त्याचे ठाणे. त्याचे सभासद पुढे लाखोंच्या घरात गेले, आणि संघाने सहकारी तत्त्वावर स्वतःचा सायकलींचा कारखानाही काढला. 1933 साली हिटलरचे राज्य येताच हा संघ बंद पाडण्यात आला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. रविवारी हवा खायला जाणाऱ्या माणसांची एवढी भीती का वाटावी? कारण उघड आहे. जे लोक ठरल्या वेळी, ठरल्या जागी, कोणी हुकूम न करता जमतात, ते उद्या दुसऱ्याही कामासाठी जमू शकतात.

आता तो तंटा. 12 जून 1897 रोजी काही इटालियन सायकलस्वार रोमहून निघाले आणि एका दिवसाच्या उजेडात सुमारे 230 किलोमीटर तोडून नेपल्सला पोहोचण्याचा त्यांनी पण केला. अशांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, असे नाव पडले. 1904 साली फ्रान्समध्ये आंरी देग्रांज यांनी ही पद्धत उचलली. हेच ते गृहस्थ, ज्यांनी आदल्या वर्षी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली होती. शर्यतीच्या माणसाने केलेला नियम मात्र शर्यतीच्या अगदी उलट होता. सर्वांनी एका तुकडीत जायचे, पुढे एक कप्तान, गती त्याने ठरवायची, आणि त्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. 1921 पर्यंत मतभेद इतके वाढले की पॅरिसच्या ऑडॅक्स मंडळाने मोकळ्या गतीच्या वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. आज आपल्याकडे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत करण्याच्या ज्या ‘ब्रेव्हे’ होतात, त्या या दुसऱ्या शाखेच्या.

मोकळी गती वाईट असे आम्ही म्हणत नाही. अंगात रग असलेल्या मुलाला ती हवीच. पण तिला मैत्रीची फेरी म्हणू नये. मोर्च्यात आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. झेंडा धरणारा आपल्याच जोशात निघाला की मागची म्हातारी माणसे आणि कडेवर पोर असलेल्या बाया तुटतात, आणि कचेरीपाशी पोहोचतो तो मोर्चा नसून नुसता झेंडा असतो.

आपल्या मुलखातही याचे दाखले आहेत. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. ओव्हल मैदानावर एका फ्रेंच पायी प्रवाशाचे व्याख्यान ऐकून त्यांना ही बुद्धी झाली, असे सांगतात. तेव्हा व्याख्याने अगदीच वाया जात नाहीत. इराण, अरबी वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे सुमारे 71,000 किलोमीटर पार करून 18 मार्च 1928 रोजी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे परत आले. उरलेल्या तिघांची साथ वाटेत निरनिराळ्या कारणांनी सुटली. साडेचार वर्षे तिघांनी एकमेकांची गती सांभाळली, याचे आम्हांस किलोमीटरांपेक्षा अधिक कौतुक वाटते.

आणि बाबा आमटे. 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ निघाले. 116 तरुण, त्यांत 16 मुली, सायकलींवर. काश्मीरपर्यंत पाच हजारांवर किलोमीटर. बाबांच्या पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हते, म्हणून ते बसगाडीत आडवे पडून बरोबर गेले. 1988 साली अरुणाचलापासून गुजरातेपर्यंत पुन्हा तसाच प्रवास झाला. याच बाबांनी वरोऱ्याच्या नगरपालिकेत असताना सफाई कामगारांची संघटना बांधली होती आणि स्वतः मैला वाहिला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या यात्रेत कोण आधी पोहोचला हे कोणी विचारले नाही.

येडशीची गोष्ट अशी की येथून रस्ते चहूकडे फुटतात. धाराशिव, तुळजापूर, सोलापूर एका अंगाला, बीड दुसऱ्या अंगाला, शिवाय बार्शी आणि लातूर. मोठा रस्ता चौपदरी झाल्यापासून ट्रकांची गती सायकलवाल्याला परवडणारी राहिलेली नाही. तेव्हा नवख्यांची फेरी रामलिंगाच्या अंगाला न्यावी. तेथे अभयारण्य आहे, ओढा आहे, जटायूची कथा आहे, आणि शिदोरीवर टपलेली वानरेही आहेत. पुढे एक वाट जाणणारा ठेवावा. मागे एक जबाबदार माणूस असावा, त्याच्याजवळ पंप आणि पंक्चरचे सामान; त्याच्या मागे कोणी उरता कामा नये. या दोघांत मागच्याचे काम अवघड, म्हणून तो अधिक जाणता निवडावा. चढावर मात्र हट्ट धरू नये. तेथे ज्याने त्याने आपल्या दमाने चढावे आणि वर सर्वांनी थांबावे. दमलेला वर येताच बाकीच्यांनी लगेच निघणे हा मात्र अन्याय आहे. थांबलेल्यांची विश्रांती झालेली असते, त्याची नाही.

राहिला दिवसाचा प्रश्न. फेरी रविवारीच ठेवायची, हे सर्वजण गृहीत धरतात. हा रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिला. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पण हॉटेलात कपबशा धुणारा पोरगा, पेट्रोल पंपावरचा माणूस, रोजाने शेतात जाणारी बाई यांचा रविवार आजही कामाचाच असतो. गावात रोज पोटासाठी सायकल मारणारे हेच. भारी सायकल घेऊन हौसेने निघणारे आपण नंतरचे. म्हणून मंडळाने वार ठरवण्यापूर्वी या लोकांकडे जाऊन विचारावे. एखादी फेरी सकाळी पाचला निघून आठच्या आत परत येईल अशी ठेवता आली, तर त्यांतले काहीजण येतील.