कैरोत विसावलेला संपादक

मुंबईच्या फोर्टात हॉर्निमन सर्कलला वळसा घालणाऱ्यांना बी. जी. हॉर्निमन हे नाव तरी ठाऊक असते. त्यांच्या हाताखाली ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये लिहिणारे सय्यद हुसेन मात्र आता कुणाला आठवत नाहीत.

हुसेन कलकत्त्याचे, जन्म १८८८चा. अलिगढला शिकले, कायदा शिकायला विलायतेला गेले आणि १९१६ मध्ये परतले ते पत्रकार व्हायला. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये सुरू केलेले ‘क्रॉनिकल’ तेव्हा सरकारच्या डोळ्यांत सलत होते. तिथे हुसेन यांच्या लेखणीला धार आली. मोतीलाल नेहरूंनी १९१९ मध्ये अलाहाबादेत ‘इंडिपेंडंट’ काढला, तेव्हा संपादकपद त्यांच्याकडे आले.

तिथेच मोतीलालजींच्या कन्येशी, म्हणजे पुढच्या विजयालक्ष्मी पंडित यांच्याशी, त्यांचे मन जुळले. हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या सभा गाजत होत्या. पण ते ऐक्य माजघराच्या उंबऱ्याशी अडखळले. विजयालक्ष्मींचा विवाह १९२१ मध्ये रणजित पंडित यांच्याशी झाला. (हे पंडित घराणे मूळचे आपल्या कोकणातले.) हुसेन त्याआधीच, १९२० मध्ये, महंमद अलींच्या खिलाफत शिष्टमंडळातून विलायतेला गेले होते. तिथून अमेरिका. लग्न त्यांनी केलेच नाही.

लोक या प्रेमकथेपाशी थांबतात. मला पुढची पंचवीस वर्षे मोठी वाटतात. पाठीशी सरकार नाही, हाती अधिकार नाही. तरी हा माणूस अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत हिंदुस्थानची बाजू मांडत राहिला. ‘न्यू ओरिएंट’ हे मासिक चालवले, महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमधल्या भारतस्वातंत्र्य समितीचे अध्यक्षपद सांभाळले. वकिलात नसलेल्या देशाची वकिलीच ती. १९४५च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या वेळी विजयालक्ष्मी तिथे भारताची मागणी घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हुसेन यांची समिती त्यांच्या पाठीशी होती.

१९४६ मध्ये ते मायदेशी आले. धर्मावर राष्ट्र बेतणे त्यांना मान्य नव्हते. तरी फाळणी झालीच. १९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना इजिप्तमध्ये भारताचे पहिले राजदूत म्हणून पाठवले. आमच्या राजोडीसमोरचा हाच समुद्र ओलांडून एडन, सुएझ करत कैरो गाठता येते. मुसलमानाचा देश कोणता, असा प्रश्न इथे गल्लोगल्ली विचारला जात होता, त्या दिवसांत कैरोत भारताच्या वतीने एक सय्यद बोलत होता. हे मला फार मोलाचे वाटते.

राजदूतपद त्यांना जेमतेम वर्षभर लाभले. फेब्रुवारी १९४९ मध्ये कैरोतच त्यांचे निधन झाले आणि दफनही तिथेच झाले. विजयालक्ष्मी तेव्हा मॉस्कोत भारताच्या राजदूत होत्या.