स्पर्धकांनाच आवतण देणारी बिअरची जत्रा : क्राफ्ट बिअरचा फिरता उत्सव म्हणजे नेमकं काय?

आठवडी बाजारात आपल्या दुकानासमोर दुसऱ्याला पाल लावून देणारा व्यापारी शोधून सापडत नाही. पण २०१४ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत एका बिअर कारखान्याने हेच केलं. देशभर फिरून सात ठिकाणी उत्सव भरवला आणि तिथे स्वतःच्या मालाबरोबर स्पर्धकांचाही माल मांडला. सिएरा नेवाडा हे त्या कारखान्याचं नाव आणि 'बिअर कॅम्प अक्रॉस अमेरिका' हे त्या उत्सवाचं.

क्राफ्ट बिअर, मायक्रोब्रुअरी, टेस्टिंग हे शब्द आता पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या पोरांच्या तोंडून गावातही ऐकू येतात. म्हणून ही सविस्तर माहिती. यात पिण्याची शिफारस नाही. छोटा उत्पादक बाजारात कसा टिकतो आणि शेतातल्या धान्याचं पुढे काय होतं, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण चांगलं आहे.

थोडक्यात

- कारखाना : सिएरा नेवाडा ब्रुइंग कंपनी, चिको, कॅलिफोर्निया
- संस्थापक : केन ग्रॉसमन आणि पॉल कमुसी, १९७९
- फिरता उत्सव : १९ जुलै ते ३ ऑगस्ट २०१४
- ठिकाणं : सात
- निमित्त : पूर्व किनाऱ्याकडे मिल्स रिव्हर येथे दुसरा कारखाना सुरू झाला

क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

बिअरला चार गोष्टी लागतात. पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. जवाला आपल्याकडे काही भागात सातूही म्हणतात.

जव आधी भिजवून त्याला मोड आणतात आणि मग वाळवतात. नाचणीचं सत्त्व करताना घरोघरी जे करतात तसंच. या वाळवलेल्या मोडाच्या जवाला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की गोड पाणी निघतं. ते गाळून हॉप्स टाकून उकळतात, थंड करतात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि गॅस तयार होतो.

हॉप्स हा वेल आहे. द्राक्ष किंवा तोंडलीच्या मांडवाला लागतात तशा तारा याला लागतात, फक्त हा वेल सरळ पाच-सहा मीटर वर चढतो. त्याच्या फुलांच्या बोंडांनी बिअरला कडवटपणा आणि वास येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं त्यासाठी नावाजलेलं आहे. भारतात हिमाचलच्या लाहौल भागात हॉप्स पिकतात.

क्राफ्ट म्हणजे छोट्या आणि स्वतंत्र कारखान्याची बिअर. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेला आणि मोठ्या मद्य कंपनीच्या ताब्यात नसलेला कारखाना यात बसतो. तिथलं एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर. म्हणजे ही मर्यादा ७० कोटी लिटरच्या घरात जाते. आपल्या हिशेबाने हा काही छोटा आकडा नाही, पण तिथल्या बड्या कंपन्यांपुढे तो छोटाच धरतात.

दूध डेअरीच्या भंगारातून सुरुवात

चिको हे उत्तर कॅलिफोर्नियातलं शेतीच्या पट्ट्यातलं शहर. आजूबाजूला बदाम आणि अक्रोडाच्या बागा, जवळच भाताची खाचरं. केन ग्रॉसमन तिथे सायकली दुरुस्त करायचे. १९७६ मध्ये त्यांनी घरच्या घरी बिअर करणाऱ्यांसाठी लागणाऱ्या सामानाचं दुकान टाकलं.

कारखाना काढायचा ठरला तेव्हा छोट्या भट्टीला बसेल अशी यंत्रं बाजारात मिळत नव्हती. मोठी यंत्रं परवडणारी नव्हती. ग्रॉसमन यांनी वेल्डिंग शिकून घेतलं, बंद पडलेल्या दूध डेअऱ्यांच्या जुन्या टाक्या आणल्या आणि त्या जोडून कारखाना उभा केला. नोव्हेंबर १९८० मध्ये पहिलं आधण निघालं.

पेल एल ही त्यांची पुढे गाजलेली बिअर. पण तिची चव प्रत्येक वेळी सारखी येईना. गुऱ्हाळात आधण बिघडलं की गुळाची प्रत जाते, तसंच हे. मनासारखी चव लागेपर्यंत सुरुवातीची दहाएक आधणं त्यांनी ओतून दिली. हाताशी पैसा कमी असताना हा निर्णय सोपा नव्हता.

त्या काळात अमेरिकेत शंभरसुद्धा बिअर कारखाने उरले नव्हते. आज ही संख्या ९ हजारांच्या वर आहे.

मग गावोगाव फिरायची गरज काय?

याची दोन कारणं आहेत.

पहिलं, विक्रीची साखळी. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. ती उठल्यावर बहुतेक राज्यांनी तीन टप्प्यांची पद्धत आणली. कारखान्याने वितरकाला विकायचं, वितरकाने दुकानदाराला आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला. काही राज्यांत छोट्यांना थोडी सूट आहे, पण मुख्य रस्ता हाच. मार्केट यार्डात माल नेला की पुढे तो कोणाच्या ताटात गेला हे शेतकऱ्याला कळत नाही, तशी छोट्या कारखान्याची गत होते. टीव्हीवर जाहिरात करायला पैसा नसतो. मग उरतो एकच उपाय. स्वतः त्या गावात जायचं, चार-सहा दिवस मुक्काम करायचा, तिथल्या हॉटेलात आपली बिअर चाखायला द्यायची, कशी केली ते सांगायचं आणि दुकानदाराशी ओळख करायची. छोटे कारखाने असे 'बिअर आठवडे' नेहमी करतात.

दुसरं, वाहतूक. बिअरमध्ये बहुतांश पाणीच असतं. चिकोहून देशाच्या दुसऱ्या टोकाला माल न्यायचा म्हणजे पाण्याचंच भाडं भरायचं. म्हणून सिएरा नेवाडाने नॉर्थ कॅरोलिना राज्यात, अ‍ॅशव्हिल शहराजवळ मिल्स रिव्हर इथे दुसरा कारखाना उभारला. त्याच्या उद्घाटनाच्या निमित्ताने चिको ते मिल्स रिव्हर अशी ही यात्रा ठरली.

सोळा दिवस, सात ठिकाणं

- १९ जुलै : चिको
- २० जुलै : सॅन डिएगो
- २५ जुलै : डेन्व्हर
- २७ जुलै : शिकागो
- १ ऑगस्ट : पोर्टलँड (मेन राज्य)
- २ ऑगस्ट : फिलाडेल्फिया
- ३ ऑगस्ट : मिल्स रिव्हर

प्रत्येक ठिकाणी त्या भागातल्या छोट्या कारखान्यांना आमंत्रण होतं. निवडक ओळखीच्यांनाच नव्हे, देशातल्या सगळ्या क्राफ्ट कारखान्यांना आवतण गेलं होतं. शेकडो जण आले.

अशा उत्सवाची रीत साधारण ठरलेली असते. तिकीट काढून आत जायचं, एक छोटा ग्लास मिळतो. प्रत्येक पालावर घोट-दोन घोटच ओततात, कारण उद्देश चव कळावी हा असतो. बिअर करणारा माणूस स्वतः समोर उभा असतो. जव कुठला, हॉप्स कुठले, असं विचारलं की तो सांगतो. सोबत त्या भागातलं खाणं आणि गाणं-बजावणं असतं. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय कोणाला ग्लास मिळत नाही. अमेरिकेत ही अट २१ वर्षांची आहे.

एका खोक्यात बारा कारखाने

यात्रेसोबत एक खोकं देशभर विक्रीला आलं. त्यात बारा वेगवेगळ्या बिअर होत्या. प्रत्येक बिअर सिएरा नेवाडाने दुसऱ्या कारखान्यासोबत किंवा संघटनेसोबत मिळून केलेली होती.

अ‍ॅशव्हिलच्या छोट्या कारखान्यांच्या संघटनेसोबत केलेल्या बिअरमध्ये रताळी घातली होती. नॉर्थ कॅरोलिना हे अमेरिकेत रताळ्याचं सर्वात जास्त उत्पादन घेणारं राज्य. म्हणजे तिथलं पीक तिथल्या बिअरमध्ये आलं. ओरेगनच्या निन्कासी कारखान्यासोबतच्या बिअरमध्ये कॉफी होती, ऑस्कर ब्लूजसोबतच्या बिअरमध्ये राय हे धान्य.

विस्कॉन्सिन राज्यातला न्यू ग्लॅरस कारखाना आपला माल राज्याबाहेर विकतच नाही. त्याचा हात लागलेली बिअर या खोक्यामुळे बाहेरच्या लोकांना मिळाली. मोठ्या भावाचं वितरण आणि छोट्या भावाची चव, असा हा व्यवहार होता.

यात सिएरा नेवाडाचा फायदा नव्हता असं नाही. त्या वेळी कंपनीचं उत्पादन वर्षाला १० लाख बॅरलच्या आसपास होतं आणि नव्या कारखान्याला पूर्वेकडे गिऱ्हाईक हवंच होतं. पण त्यांचा हिशेब असा होता की बाजारातला मोठा वाटा बड्या कंपन्यांकडे आहे. छोट्यांनी एकमेकांचं गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून नवीन गिऱ्हाईक आणलेलं बरं.

२०१६ मध्ये पुन्हा असा दौरा झाला. तेव्हा सहा उत्सव झाले आणि देशाच्या सहा भागांतल्या ३० कारखान्यांसोबत सहा बिअर केल्या गेल्या.

आग लागली तेव्हा हीच ओळख कामी आली

८ नोव्हेंबर २०१८ रोजी चिकोपासून जवळच असलेल्या पॅराडाइज या गावाला वणव्याने घेरलं. 'कॅम्प फायर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आगीत ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त घरं आणि इमारती जळाल्या. सिएरा नेवाडाच्या अनेक कामगारांचीही घरं राहिली नाहीत.

कंपनीने १ लाख डॉलर टाकून मदतनिधी सुरू केला. 'रेझिलियन्स' नावाच्या बिअरची कृती तयार करून ग्रॉसमन यांनी देशभरच्या कारखान्यांना कळवलं की ही बिअर तुम्हीही करा आणि विक्रीची पूर्ण रक्कम आगग्रस्तांना द्या. माल्ट आणि हॉप्सच्या पुरवठादारांनीही सामान दान दिलं. १,४०० हून जास्त कारखाने सामील झाले.

सगळ्यांचे पैसे वेळेवर आले नाहीत, कंपनीला पुन्हा आठवण करून द्यावी लागली. तरीही एका हाकेसरशी एवढे कारखाने उभे राहिले. चार वर्षांपूर्वी ज्यांना पाल लावायला जागा दिली होती, त्या धंद्यातली माणसं अडचणीत धावून आली.

पुढे काय झालं?

सगळंच गोड झालं नाही. खोक्यातल्या बारांपैकी काही कारखाने नंतर मोठ्या कंपन्यांनी घेतले. सॅन डिएगोचा बॅलास्ट पॉइंट २०१५ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरला विकला गेला आणि चार वर्षांनी तो पुन्हा विकला गेला. मिशिगनचा बेल्स २०२१ मध्ये जपानी किरिन समूहाच्या कंपनीकडे गेला. सिएरा नेवाडा अजून ग्रॉसमन कुटुंबाकडेच आहे. अलीकडे अमेरिकेत क्राफ्ट बिअरचा जोर ओसरला आहे. २०२४ मध्ये नवीन सुरू झालेल्या कारखान्यांपेक्षा बंद पडलेले जास्त होते.

आपल्याकडे काय स्थिती?

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. त्यानंतर पुणे-मुंबईत अनेक झाल्या.

जव मात्र महाराष्ट्राचं मोठं पीक नाही. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश इथून माल्टचा जव येतो. आपल्या शेतकऱ्याचा या धंद्याशी रोजचा संबंध येतो तो दोन गोष्टींतून. एक म्हणजे माल्टचा चोथा. गोड पाणी काढून उरलेला हा ओला चोथा जनावरांना खाद्य म्हणून चालतो. तो ताजाच वापरावा लागतो, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो आणि बुरशी धरतो. बुरशीचा चोथा जनावराला घालू नये.

दुसरी गोष्ट पाणी. एक लिटर बिअरला कारखान्यात साधारण ४ ते ७ लिटर पाणी लागतं. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली होती, हे अनेकांना आठवत असेल.

हे नियम लक्षात ठेवा

- महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षं आहे. कडक दारूसाठी २५.
- पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचाही मिळतो.
- कार्यक्रमात मद्य द्यायचं असेल तर उत्पादन शुल्क विभागाची वेगळी परवानगी लागते.
- वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.
- गावातलं दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. निम्म्याहून जास्त मतदारांनी 'आडवी बाटली' केली तर दुकान बंद होतं.
- चव घेतली तरी गाडी चालवू नये. बिअर ही दारूच आहे, 'हलकी' म्हणून तिला सूट नाही.

बिअर घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा आणि त्या त्या गावाचा प्रश्न. पण हळद, गूळ, काजू, मध असा कुठलाही माल विकणाऱ्या गटाला चिकोच्या या यात्रेतून घेण्यासारखं आहे. शेजारच्या गटाचं पाल आपल्या पालाशेजारी लागलं म्हणून आपलं गिऱ्हाईक कमी होईलच असं नाही. आणि उद्या आपल्यावर वेळ आली तर पहिला धावून येणारा तोच असू शकतो.