अंथरुणातून अंगणात



गावाकडे कुणाला कॅन्सर झाला की आपण फोनवर काय सांगतो? “आता काही करू नका, नुसता आराम करा.” सल्ला मायेचाच असतो. एके काळी डॉक्टरही हेच सांगत.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोत मेरी मॅकव्हिकार आणि मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधकांनी ही समजूत तपासून पाहिली. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी घेणाऱ्या बायकांना त्यांनी आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या सायकलवर बसवलं. दहा आठवड्यांत त्यांचा दम वाढला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी रुग्णांना स्पष्टच सांगितलं: बसून राहू नका.

२०२५ मध्ये आणखी मोठा पुरावा आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो संपलेल्या ८८९ जणांची ती चाचणी. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी सुमारे ९० टक्के हयात होते. ज्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यात हे प्रमाण ८३ टक्के होतं.

आहाराची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर तीन हजारांवर बायकांची चाचणी झाली. भरपूर भाज्या-फळं आणि कमी स्निग्ध आहार घेऊनही आजार उलटण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २००७ मध्ये दिसलं. म्हणजे जादूचं पथ्य नाही. उपचार चालू असताना वजन टिकावं, वरण, अंडी, दही पोटात जावं, हे महत्त्वाचं.

आजार हाडांत पसरला असेल किंवा रक्तपेशी कमी झाल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. एरवी पुढच्या फोनवर एवढंच विचारा: “काकू, आज अंगणात किती फेऱ्या झाल्या?”