भाटघरचे पाणी आणि भीमथडीचा घोडा

पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) या तालुक्यांच्या डोंगराळ भागातून वाहणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण उभे आहे. वैशाख-ज्येष्ठात जलाशयाचे पाणी ओसरू लागले, म्हणजे कांबरे गावानजीकचे पाण्यात बुडालेले प्राचीन शिवमंदिर उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी पुण्याकडील मंडळी येतात. राजगड आणि तोरणा हे किल्लेही याच परिसरात असल्यामुळे येथे येणाऱ्या प्रवाशाच्या मनात शिवकालीन स्वारांचे चित्र उभे राहणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रदेशात घोडा आज जवळजवळ दिसत नाही. ज्या नीरा-भीमेच्या खोऱ्यांतील तट्टांच्या बळावर मराठ्यांनी अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातला, त्या तट्टाचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. तो सामाजिक व आर्थिक इतिहासाचा आहे.

या प्रश्नाला एक तुलनात्मक अंगही आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्याचे रोजचे काम कालांतराने क्रीडेत रूपांतरित झाले, आणि उन्हाळी पाहुण्यांच्या वर्दळीने त्याला आश्रय दिला. महाराष्ट्रातही घोडा होता, गुरे होती, उन्हाळी हवा खाण्यास येणारे पाहुणेही होते. असे असता येथील घोड्याची वाट निराळी का झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम भूगोलाचा विचार करणे अवश्य आहे. भाटघरच्या आसपासचा प्रदेश म्हणजे गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे हा मावळपट्टा होय. येथील पाऊस मुसळधार, शेती भाताची आणि वाटा कड्याकपारीच्या. त्यामुळे या मुलुखाने स्वराज्याला मुख्यत्वे पायदळ दिले. घोड्याचा मुलूख याच नद्यांच्या काठाने पूर्वेस उतरल्यावर लागतो. डोंगर मागे पडतात, पाऊस उणावतो, जमीन मोकळी होते आणि गवताची माळराने सुरू होतात. नीरा, भीमा व माण या नद्यांच्या काठी निपजणारी घोडी लहान चणीची, परंतु दख्खनमध्ये सर्वांत काटक, अशी त्यांची ख्याती होती. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफनेही तिची नोंद घेतली आहे. भीमेच्या थडीचा, म्हणून तो घोडा भीमथडी. मावळ आणि थडी हे एकाच जलप्रवाहाचे दोन भाग आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवी.

या घोड्याचे काम कोणते होते? कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, अशी ती उतरंड होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. परंतु दोघांचेही काम सरकारने नेमून दिलेले. पावसाळ्यात लष्कराने छावणीस परतावे, तेथे दाणागोटा, औषधे व गवताने शाकारलेल्या पागा सिद्ध असाव्यात, दसऱ्यास पुन्हा मुलुखगिरीस बाहेर पडावे, असे हे वर्षाचे चक्र होते.

घोड्याचा जीव गवतावर किती अवलंबून होता, हे शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळील दळवटण्याच्या छावणीतील अधिकाऱ्यांस १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेल्या पत्रावरून स्पष्ट होते. दाणावैरण आताच बेफिकिरीने संपविली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील; लोक मग कुणब्यांना लुटू लागतील; आणि दिव्याची जळती वात उंदराने नेली तरी गवताच्या गंजी पेटून सारा नाश होईल, असा इशारा त्या पत्रात आहे. पत्राचा विषय युद्ध नसून वैरण आहे. मराठी राज्यात घोडा हा एका बाजूस गवताशी व दुसऱ्या बाजूस राज्यसत्तेशी बांधलेला प्राणी होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

अमेरिकेतील पशुपालकाचा घोडा याहून भिन्न परिस्थितीत वाढला. कुंपण नसलेल्या कुरणांत अनेक मालकांची गुरे एकत्र मिसळत. डाग देण्याच्या वेळी प्रत्येकाला आपापले जनावर कळपातून वेगळे काढावे लागे. या कामी तरबेज घोडा कळपात हलकेच शिरे, हवे ते वासरू बाहेर काढी आणि ते परत फिरू लागले की स्वाराच्या इशाऱ्याची वाट न पाहता त्याला आडवा होई. १८७४ मध्ये काटेरी तारेच्या एका सुधारलेल्या प्रकाराचे एकस्व घेतले गेले; पुढे तारेच्या कुंपणांनी मोकळी कुरणे संपत आली आणि या कौशल्याची निकड कमी झाली. तथापि कौशल्य नष्ट झाले नाही. १८९८ मध्ये टेक्सासमधील हॅस्केल येथे बक्षीस लावून अशी स्पर्धा भरविण्यात आली, आणि १९४६ मध्ये या स्पर्धांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे स्वाराला अडीच मिनिटे मिळतात. जनावर वेगळे काढल्यावर त्याने लगाम सैल सोडावयाचा आणि पुढचे काम घोड्याने आपल्या बुद्धीने करावयाचे. याच सुमारास शहरी पाहुण्यांना उन्हाळ्यात पशुपालकांच्या वाड्यांवर पैसे घेऊन ठेवून घेण्याचा व्यवसायही वाढला. त्या व्यावसायिकांची संघटना १९२६ मधील आहे. घोड्याचे काम ज्यांच्या हाती होते, त्यांनीच त्याची स्पर्धा केली, आणि स्पर्धेत उतरणारा घोडा हवा म्हणून त्याची पैदासही जपली गेली. या तुलनेतील मर्म एवढेच आहे.

भीमथडीच्या घोड्याचे काम मात्र राज्यसत्तेचे होते, आणि ती १८१८ मध्ये लयास गेली. पागा मोडल्या, शिलेदार घरी बसले. आधीच, जून १८१७ च्या तहानंतर, पुण्यास इंग्रजांच्या हुकमतीखाली उभ्या राहिलेल्या रिसाल्यातून पुढे 'पूना हॉर्स' ही पलटण घडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरूर तालुक्यातील आलेगाव येथे कंपनी सरकारने घोड्यांच्या पैदाशीचे केंद्र चालविले. त्या गावाच्या 'आलेगाव पागा' या नावात पागेची आठवण अद्याप टिकून आहे. पण नव्या लष्कराला उंच व भारी घोडा हवा होता. अरबी घोडे मुंबई बंदरात उतरत होते, पुढे ऑस्ट्रेलियातूनही येऊ लागले. देशी घोडीला परदेशी घोडा दाखविण्याचे धोरण पडले. बुटक्या, काटक तट्टाला लष्करात मोल राहिले नाही. शिलेदारी हा शब्द व ती पद्धत हिंदी रिसाल्यात काही काळ टिकली. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत, १९२१ मध्ये, तीही संपुष्टात आली.

सत्तेचा आधार गेला तरी गवताचा आधार उरला होता. त्यात बदल घडविला तो भाटघरने. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा कालव्याची योजना मूर्त स्वरूपास आली, आणि त्याला पाणी पुरविण्यासाठी भोर संस्थानच्या हद्दीत भाटघर येथे पहिले दगडी धरण बांधण्यात आले. त्याच्या जलाशयास अभियंता व्हाइटिंग यांचे नाव होते. पुढे त्याच्या खालच्या अंगास अधिक उंचीचे धरण बांधून १९२८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले व मुंबईचे माजी गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव त्यास देण्यात आले. आज हा जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. मावळातील खोरे बुडाले, आणि त्या पाण्याने खालची थडी भिजली. नीरेचा डावा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या भागांतून जातो. ब्रिटिश काळातील 'भीमथडी' तालुका म्हणजे स्थूलमानाने आजचे दौंड व बारामती. ज्या तालुक्याला घोड्याच्या मुलुखाचे नाव होते, त्याच्याच माळांवर ऊस उभा राहिला. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली.

या स्थित्यंतराला केवळ हानी म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याला कालवा हे जीवदान होते. परंतु उसाच्या अर्थव्यवस्थेत बैलाला स्थान मिळाले. घोड्याला मिळाले नाही. तट्टाचा ऱ्हास कालव्याने सुरू केला, असेही म्हणता येणार नाही. तो १८१८ पासूनच सुरू झाला होता. कालव्याने त्याची परतीची वाट बंद केली, इतकेच.

घोड्याला नवे काम मिळाले ते थंड हवेच्या ठिकाणी. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर वसले व पुढे मुंबई सरकारचे उन्हाळी ठाणे बनले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान उजेडात आणले. १९०७ मध्ये तेथे छोटी आगगाडी पोहोचली, तरी गावात मोटारींना मज्जाव असल्यामुळे घोडा व हातरिक्षा ही माथेरानची वाहने राहिली. २०२२ च्या अखेरीस त्यांच्या जोडीस विजेवरील रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. हंगामातील करमणुकीसाठी माथेरानला ऑलिंपिया नावाचे शर्यतीचे मैदानही होते. येथे अमेरिकेशी साम्य भासते, पण ते वरवरचे आहे. पाहुणा घोड्यावर बसतो आणि घोडेवाला लगाम धरून पायी चालतो. या व्यवहारात घोड्याच्या कोणत्याही विशेष गुणाची कसोटी लागत नाही. जनावर शांत असले म्हणजे पुरे. ते कोणत्या जातीचे आहे, त्याची वीण कोणी राखली, याची विचारणा होण्याचे कारण नाही. पाहुण्यांनी अनेक घोडेवाल्यांना पोट दिले, ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. पण जातिवंत पैदाशीस प्रोत्साहन त्यातून मिळाले नाही.

स्पर्धेचा मान महाराष्ट्रात बैलाकडे गेला. तथापि येथे एक चमत्कारिक अवशेष आढळतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील बैलगाडा शर्यतीत, जुंपलेल्या बैलांच्या पुढे स्वार बसलेली घोडी धावते, आणि बैल तिच्या मागोमाग चढणीची धावपट्टी, म्हणजे 'घाट', पार करतात. दक्षिण महाराष्ट्रात काही ठिकाणी घोडा व बैल एकाच गाडीला जुंपून शर्यत लावतात. टेक्सासमध्ये घोडा गुराला अडवितो, येथे तो बैलाला ओढ लावतो. मात्र दोन्हीकडे कसोटी लागते ती घोडा आणि गुरे यांच्या परस्परसंबंधाची. या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. या साऱ्या वादाचा विषय बैल होता. पुढे धावणारी घोडी त्यात दुय्यमच राहिली.

मग भीमथडीचे तट्टू टिकले कोणाकडे? याचे उत्तर धनगरांच्या वाड्यात मिळते. येथे वाडा म्हणजे मेंढ्यांसह फिरणारा कुटुंबसमूह. फलटण, बारामती, पुरंदर या कोरड्या भागांतील काही वाडे दिवाळीनंतर पश्चिमेस निघतात, भोरच्या बाजूने घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी देशावर परततात. घोंगड्या, भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मुलेही तट्टाच्या पाठीवर असतात. घाट चढणारा, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारा, बुटका व काटक प्राणी त्यांना हवा असतो. म्हणजे पागेला हवे असलेले गुणच त्यांना हवे असतात. एवढेच नव्हे, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणे आणि पावसाळ्यास परतणे हे वाड्याचे चक्र पागेच्या चक्राशी जुळते. या जुळणीचे मूळ लष्करी परंपरेत नसून देशावरील गवत व पाऊस यांच्या क्रमात आहे. परंतु त्यामुळेच, राज्य गेल्यावरही, त्या क्रमाप्रमाणे जगणाऱ्यांपाशी घोडा राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये भीमथडी घोड्यास स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदणीची मान्यता जाहीर झाली. भारतातील नोंदलेल्या अश्वजातींत ती आठवी होय. त्याआधी वर्षभर, २०२३ मध्ये, ज्या 'गर्जा महाराष्ट्र माझा' या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो, ते राज्यगीत झाले. नाव अशा रीतीने सन्मानित झाले आहे. परंतु नीरेच्याच काठी वसलेल्या अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाइकाची नजर मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या उंचीवर खिळते, हेही तितकेच खरे आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, प्राण्याची जात कीर्तीने टिकत नाही. तिच्या विशिष्ट गुणांची ज्यांना रोज गरज भासते, त्यांच्यामुळे ती टिकते. अमेरिकेत ती गरज स्पर्धेने चालू ठेवली. महाराष्ट्रात राज्याने ती निर्माण केली व राज्याबरोबर ती गेली; उन्हाळी पाहुण्यांना ती कधी भासलीच नाही; मेंढपाळांना मात्र ती भासत राहिली. त्यांच्या वाटा आता कालव्याखालील शेते, रस्ते आणि कुंपणे यांनी आवळल्या आहेत. भीमथडीच्या रक्षणाचा विचार करताना तबेल्यांपेक्षा या वाटांकडे आणि त्यांच्या कडेच्या चराऊ रानांकडे प्रथम लक्ष द्यावे लागेल. दळवटण्याच्या पत्रातील चिंता वैरणीची होती, आणि साडेतीनशे वर्षांनंतर प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.