ऐरण

श्रोतेहो, वर्तमानपत्र उघडले की 'पाण्याचा प्रश्न ऐरणीवर', 'रस्त्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर' असे मथळे आपण वाचतो. एकदा मी वर्गात विचारले, "तुमच्यापैकी ऐरण कोणी पाहिली आहे?" साठ मुलांत चार हात वर आले. शब्द घरोघर पोहोचला आणि वस्तू मात्र दिसेनाशी झाली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट टोचावी अशीच आहे. म्हणून आज राजांविषयी किंवा लढायांविषयी न बोलता ऐरणीविषयी बोलणार आहे. तेही तिच्यावर काय घडते याविषयी नव्हे. ती बसते कशी आणि हलते कशी, एवढेच सांगणार आहे.

याला निमित्त घरचेच घडले. आमच्या गावचे लोहार, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, त्यांनी भाता बंद केला. मुलगा शहरात कारखान्यात लागला आणि गावात बैलगाडी उरली नाही. ऐरण भंगारात जाणार असे कळले तेव्हा मी ती मागून घेतली. घरामागच्या पडवीत सुट्टीच्या दिवशी ठोकाठोकी करण्याचा मला नाद आहे. तात्यांनी पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, न्या. पण शोभेला ठेवू नगा."

आता ऐरण हलवायची म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. चार तगडे विद्यार्थी बोलावले आणि म्हटले, उचला. ऐरण वीतभर उठली, एकाची पकड सुटली आणि ती धप्पकन खाली आली. कोणाचा पाय तिथे नव्हता ही देवाची कृपा. तात्या ओट्यावरून ओरडले, "अरे, देवाला उचलून न्यायचं नसतं, चालवत न्यायचं असतं!" मग त्यांनी एक पहार, दोन पाचरी, एक जाड फळी आणि लोखंडी नळाचे तीन तुकडे मागवले. पहारीने एक कोपरा इंचभर उचलायचा आणि खाली पाचर सारायची. मग दुसरा कोपरा. अशी फळी खाली गेली, फळीखाली नळ गेले आणि ऐरण चालू लागली. मागचा नळ मोकळा झाला की तो पुढे आणून घालायचा. उताराला तात्यांनी तिच्या कमरेला दोर बांधून त्याचा वेढा खांबाला दिला आणि तो हळूहळू सोडला. त्यांचा नियम एकच होता : पहारीखाली बोट नाही, ऐरणीखाली पाय नाही. ज्या कामात चार तरुणांना घाम फुटला, ते एका सत्तरीच्या माणसाने दोघांच्या मदतीने केले.

या तंत्रात नवीन काहीच नाही, आणि हेच त्याचे मोठेपण आहे. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. ही तोफ १६३२ साली परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेण्यात आली. तेव्हा ना वाफेचे यंत्र होते ना तेलाचे. होते ते माणसांचे आणि जनावरांचे बळ, आणि ते बळ कुठे लावायचे याची अक्कल. आपण पोवाडे गातो ते तोफ डागणाऱ्यांचे. तोफ हलवणाऱ्यांची नावे बखरींत शोधून सापडत नाहीत.

असो. ऐरणीकडे वळू. आपल्याकडे लोहाराच्या ऐरणी दोन तऱ्हेच्या. एक गावची आणि एक फिरती. गावचा लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. फाळ, कुऱ्हाड, विळा, गाडीच्या चाकाची धाव हे सारे त्याने करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचे. त्याची ऐरण म्हणजे लोखंडाचा ठोकळा, लाकडाच्या ओंडक्यात बसवलेला आणि ओंडका जमिनीत पुरलेला. लोहार बसून काम करणार, म्हणून ऐरणीचा माथा जमिनीपासून थोडाच वर.

दुसरा घिसाडी. त्याला वतन नाही, गाव नाही, बलुते नाही. त्याचा संसार पाठीवर किंवा गाडीत. म्हणून त्याची ऐरण लहान, खालून निमुळती. झाडाखाली मुक्काम पडला की ती जमिनीत ठोकायची आणि काम संपले की उपटायची. राजस्थानातले गाडिया लोहारही असेच. १५६८ साली अकबराने चितोड घेतले तेव्हापासून आपण घर सोडले, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर पुन्हा प्रवेश झाला, पण त्यानंतरही पुष्कळांच्या गाड्या थांबल्या नाहीत.

म्हणजे बघा, ऐरण किती खोल रोवली आहे यावरून त्या माणसाचा हक्क कुठवर आहे हे कळते. वतनदाराची ऐरण हलत नाही, कारण त्याचा हक्क हलत नाही; आणि त्यालाही सहसा हलता येत नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. घिसाड्याची ऐरण हलते, कारण त्याला बसायला कोणी जागा देत नाही.

तात्यांची ऐरण मात्र या दोन्हींपैकी नव्हती. ती होती विलायती : एका बाजूला शिंगासारखे टोक, मागे चौकोनी भोक, बारीक कंबर आणि पसरलेले पाय. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली, १८६२ साली बिहारात जमालपूरचा रेल्वे कारखाना निघाला आणि इंग्लंडातल्या शेफील्ड आणि डडली इथल्या ऐरणी अशा कारखान्यांतून आपल्याकडे दिसू लागल्या. तात्यांच्या वडिलांनी ही एका लिलावात घेतलेली. अंग घडीव लोखंडाचे, माथा पोलादाचा. कमरेला आणि तळाला चौकोनी खळगी आहेत. तात्यांना वाटे, तिथे पूर्वी काही खिळे असावेत. वास्तविक ऐरण घडवताना तो लालभडक गोळा धरायचा कसा, म्हणून या खळग्यांत लोखंडी दांडे घालून आणि साखळीवर तोलून तो घणाखाली फिरवीत. ऐरण हलवण्याची अडचण तिच्या जन्मापासूनचीच आहे म्हणायची.

तिच्या अंगावर तीन आकडे कोरलेले होते : २-०-१४. तात्यांनी विचारले, "मास्तर, ह्ये काय हो? आमच्या बापालाबी कधी उमगलं न्हाई." पहिला आकडा इंग्रजी हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. दोन वेळा ११२, म्हणजे २२४, आणि वर १४. एकूण २३८ पौंड. मी गुणाकार करून सांगितले, "तात्या, १०८ किलो." तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माळेचे मणी! बाप तीन मणाची म्हणायचा, त्ये काय खोटं न्हवतं." त्या दिवशी माझ्या एम. ए.चा उपयोग झाला तो एवढाच.

कारण पुढे बसवताना मी पुन्हा चुकलो. पडवीत एक भक्कम सागवानी टेबल होते, त्यावर ऐरण ठेवली. पहिला घाव घातला तर टेबल मान डोलावू लागले. तापलेली सळई जशीच्या तशी आणि माझा हात मात्र झिणझिणला. घाव द्यायचा लोखंडाला, तो टेबलच खाऊन टाकत होते. ऐरण जितकी जड आणि तिची बैठक जितकी घट्ट, तितका हातोड्याचा जोर तापल्या लोखंडात उतरतो. मोठमोठ्या कारखान्यांनाही हा धडा शिकावा लागला. जेम्स नॅस्मिथने १८३९ साली वाफेच्या घणाचे चित्र काढले आणि मग घण वाढतच गेले. फ्रान्समधल्या ल क्रझो इथे १८७७ साली १०० टनांचा घण उभा राहिला, तेव्हा त्याच्याखालची ऐरण होती सुमारे ७५० टनांची! वरचा घण एक पट, तर खालचा आधार सातआठ पट. पुढे पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि असे घण थंडावले. तो घण १९६९ पासून त्या गावाच्या वेशीवर स्मारक म्हणून उभा आहे.

तात्यांनी टेबल पाहिले आणि हसले. "मास्तर, ऐरण खुर्चीवर बसत न्हाई, भुईवर बसती." त्यांनी बाभळीचा बुंधा आणवला. बुंधा उभाच ठेवायचा, रेषा वरखाली राहतील असा. आडवा ठेवला तर घावाने चिरतो. एका जुन्या चाकाची धाव कापून, जोडून, तापवून त्यावर चढवली आणि पाणी ओतले. धाव आवळली, बुंधा कसला गेला. शहाबादी फरशी उचलून तो दोन फूट जमिनीत पुरला आणि भोवती मुरूम ठोकून भरला. उंचीसाठी तात्यांनी मला सरळ उभे केले, हात खाली सोडून मूठ वळायला लावली. मूठ जिथे येते तिथे ऐरणीचा माथा. माझी मूठ २९ इंचांवर, ऐरण ११ इंचांची. म्हणून बुंधा जमिनीवर १८ इंच. तात्या स्वतः जन्मभर बसून काम केलेले. पण उभ्या माणसाचे माप त्यांना पाठ होते. शेवटी वाकवलेल्या जाड खिळ्यांनी ऐरणीचे पाय बुंध्याला जखडले.

मग त्यांनी हातोडा उचलला आणि रिकाम्या ऐरणीवर एक हलकी टिचकी दिली. सारी आळी ऐकेल असा नाद उठला. शेजारच्या मुलीची परीक्षा होती, म्हणून मी कमरेला साखळी गुंडाळून तो नाद दाबला. तात्यांना ते रुचले नाही, पण बोलले नाहीत. दसऱ्याला मात्र आले, झेंडूची माळ घातली आणि जाताना म्हणाले, "परीक्षा झाली का पोरीची? मग सोडा की साखळी." मी सोडली.

श्रोतेहो, तुमच्या गावीही एखादी बंद पडलेली लोहारकी असेल. भंगारवाला येण्याआधी एकदा तिथे जा. ऐरणीवर आकडे असले तर उतरवून घ्या, आणि ती कशी बसवली, कुठून आणली, हे विचारून ठेवा. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. आणि उद्या वर्तमानपत्रात एखादा प्रश्न ऐरणीवर आल्याचे वाचाल, तेव्हा एवढे लक्षात असू द्या : नुसते ऐरणीवर येऊन काही होत नाही. लोखंड तापलेले हवे, हात चालता हवा आणि ऐरण भुईत घट्ट बसलेली हवी. नाहीतर घाव टेबलच खाते.